पहिली क्लिपलेस पेडलं: दुकानदार काय म्हणतो ते नंतर, आधी तुम्ही चालता किती ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ४२, पुण्यात राहता, सहा महिन्यांपूर्वी रोड बाईक घेतली, सोबत आलेल्या साध्या फ्लॅट पेडलवर आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात, हिवाळ्यात पहिली २०० ची बीआरएम (म्हणजे २०० किलोमीटरची, ठरलेल्या वेळेत संपवायची लांब राइड) करायचीये, त्यासाठी क्लिपलेस, म्हणजे बूट ज्यात खटक्याने अडकतो अशी पेडलं घ्यायचीयेत, आणि दुकानदार म्हणतोय रोड बाईक आहे म्हणजे शिमानोचं रोडचं एसपीडी-एसएलच घ्या, त्यांचं छोटं एसपीडी एमटीबीवाल्यांसाठी, म्हणजे डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी असतं. त्यात उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि सिग्नलला पाय अडकून पडायची भीती वाटते ती वेगळीच.

उत्तर आधी सांगून टाकते. दोन बोल्टचं एसपीडी घ्या, दोन्ही बाजूंनी लागणारं घ्या, आणि पैसे पेडलवर नाही बुटावर घाला. मी नाशकात असते, सतरा-अठरा वर्षं सायकल चालवतेय आणि त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं घरच्या गॅरेजमध्ये लोकांच्या सायकली खोलते, फिटिंग करून देते, त्यामुळे ही पेडलं लावून, काढून, साफ करून आणि त्यांच्यावरून पडून पण झालंय सगळं.

आधी नावाचा घोळ. पाय अडकतो आणि नाव म्हणे क्लिप-लेस, असं प्रत्येक नवीन माणूस विचारतो. पूर्वी पेडलच्या पुढे लोखंडी पिंजरा असायचा आणि त्यातून चामड्याचा पट्टा, त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणायचे. तो पिंजरा गेला म्हणून क्लिपलेस. इटलीच्या सिनेलीने १९७१ मध्येच असं एक पेडल काढलं होतं, पण त्यातून पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका ओढायला लागायचा, म्हणजे विचार करा! मग फ्रान्सच्या लूक कंपनीने, जी बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारे खटके बनवायची, तीच युक्ती १९८४ मध्ये पेडलला लावली, टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो, आणि १९८५ ला फ्रेंच रेसर बर्नार्ड इनोने त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. मग रेसवाले सगळेच हळूहळू तिकडे गेले. शिमानोचं एसपीडी १९९० चं, आणि ते डोंगरात चिखलात उतरून चालणाऱ्यांसाठी बनवलेलं, म्हणून क्लीट, म्हणजे बुटाखाली बोल्टने लावतात आणि पेडलमध्ये अडकतो तो तुकडा, छोटी, लोखंडी आणि बुटाच्या सोलात आत बसलेली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तुमचा सगळा निर्णय तिच्यावर आहे.

आता बाजारात रोडसाठी खरं म्हणजे दोनच घराणी आहेत असं समजा. एक तीन बोल्टवालं, म्हणजे शिमानोचं एसपीडी-एसएल आणि लूकचं कीओ, मोठी तिकोनी प्लास्टिकची क्लीट, जी सोलच्या बाहेर आलेली असते. दुसरं दोन बोल्टवालं एसपीडी. तिसरं स्पीडप्ले आहे, आता वाहू कंपनीकडे गेलेलं, लॉलीपॉपसारखं गोल दिसतं, दोन्ही बाजूंनी लागतं आणि फ्लोट (अडकलेल्या पायाला टाच हलवायची मोकळीक) पार १५ अंशांपर्यंत, गुडघ्याचे जुने पेशंट त्याच्यावर जीव टाकतात, पण महाग आहे आणि क्लीटमध्ये माती गेलेली त्याला अजिबात चालत नाही. आपल्याकडचे रस्ते बघता मी पहिलं पेडल म्हणून कुणालाच ते सांगत नाही.

आणि हे सगळे एकमेकांना लागत नाहीत हां. एसपीडी-एसएलची क्लीट कीओ पेडलमध्ये जात नाही, दिसायला सख्ख्या बहिणी वाटल्या तरी. लूकमध्येसुद्धा जुनं डेल्टा वेगळं आणि कीओ वेगळं. बूट घेताना सोल उलटा करून भोकं बघा, दोन आहेत की तीन, काही बुटांना दोन्ही प्रकारची असतात.

मी तुम्हाला विचारणार होते की एका राइडमध्ये तुम्ही किती वेळा पाय टेकता आणि किती चालता. हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. रोड बाईक म्हणजे रोड पेडल हे गणित युरोपातल्या रेसचं आहे, तिथे माणूस सकाळी स्टार्टलाइनवर बसतो आणि फिनिशला उतरतो, मधे गाडी येऊन पाणी देते. तुमच्या २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास असतात आणि त्यात तुम्ही कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्का घ्यायला उतरणार, पेट्रोल पंपावर बाथरूमला जाणार, ढाब्यावर मिसळ खाणार, पंक्चर काढणार, कुठेतरी रस्त्याचं काम चालू असेल तिथे खडीतून सायकल ढकलत नेणार. एसपीडी-एसएलचा बूट घालून ओल्या शहाबादी फरशीवर चालून बघा एकदा. पुढचा भाग उंच, टाच खाली, बदकासारखं फेंगडं चालायला लागतं आणि प्लास्टिक फरशीवर असं सुळकन जातं की सायकलवर नाही पडलात तर बाथरूममध्ये पडाल. मी स्वतः एका ढाब्यावर चहाचे दोन ग्लास हातात घेऊन बसकण मारलीये, चहा गेला, कोपर सुजलं, आणि पुढचे नव्वद किलोमीटर एका हातावर भार देऊन गेले. शिवाय प्लास्टिकची क्लीट चालून चालून झिजते, झिजली की पकड सैल होते, मग नवीन घ्या. क्लीटवर चढवायला रबरी टोप्या मिळतात, त्या खिशात ठेवायच्या आणि प्रत्येक थांब्यावर चढवायच्या-काढायच्या, पहिले चार दिवस सगळे करतात.

एसपीडीच्या बुटात क्लीट आत असल्यामुळे साधारण नेहमीच्या बुटासारखं चालता येतं, थोडी टकटक होते इतकंच. लोखंडी क्लीट वर्षानुवर्षं जाते. आणि पहिने-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात चालवून बघा, पाय टेकला की लाल चिखल, तो एसपीडी-एसएलच्या क्लीटमध्ये बसला की पेडल लागतच नाही, मग रस्त्याच्या कडेला बसून काडीने कोरत बसायचं आणि बाटलीतलं प्यायचं पाणी त्याच्यावर ओतायचं. एसपीडी दोनदा आपटलं की लागतं.

मग तीन बोल्टवालं वाईट आहे का? अजिबात नाही. माझ्याकडे ट्रायथलॉनवाले येतात, सकाळी सहाच्या आत बाहेर पडून ७० किलोमीटर न थांबता मारून घरी येणारे येतात, त्यांना मी तेच सांगते. मोठी क्लीट असल्याने दाब पसरतो, पाय एकदम घट्ट धरल्यासारखा वाटतो, उभं राहून स्प्रिंट मारताना तो फरक जाणवतो, खोटं कशाला बोलू. एसपीडीची क्लीट छोटी, त्यामुळे बूट लिबलिबीत सोलचा असला की दोन-तीन तासांनी चवड्याखाली एका ठिकाणी आग व्हायला लागते. पण तो दोष बुटाचा आहे. सोल कडक घ्या, हाताने वाकवून बघा, सहज वाकला तर ठेवून द्या परत. म्हणून म्हटलं, पैसे बुटावर घाला.

वजनाचं पण बोलतात लोक. शिमानोचं एम-५२० हे एसपीडी जोडी ३८० ग्रॅम, रोडचं आर-५५० जोडी ३१० ग्रॅम, रोडचंच कार्बन बॉडीचं १०५ नावाचं मॉडेल घेतलंत तर २६५ ग्रॅम. म्हणजे फरक ७० ते ११५ ग्रॅमचा. बाटलीतलं पाणी दोन घोट जास्त प्यायलात की भरून निघाला, आणि आपल्या पोटाचं तर मी काही बोलतच नाही.

आणि ताकद? क्लिपलेस लावलं की पेडल वर पण ओढता येतं, त्यामुळे वेग इतका वाढतो अन् तितका वाढतो, हे तुम्हाला ग्रुपमधलं कुणीतरी सांगेलच. आठ-दहा तासांच्या राइडमध्ये कुणी वर ओढत बसत नाही हो, मांडीचा पुढचा स्नायू तासाभरात हात जोडतो. खरा फायदा दुसराच आहे. पाय रोज त्याच जागी, त्याच कोनात बसतो. खराब रस्त्यावर धक्का बसला तरी पेडलवरून घसरत नाही, पावसात घसरत नाही, ९०-९५ च्या केडन्सला (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) पाय उडत नाही, आणि उभं राहून चढ घेताना मनात धाकधूक नसते. माझ्या ओळखीत फ्लॅट पेडल आणि साध्या स्पोर्ट्स शूजवर ६०० ची बीआरएम ४० तासांच्या आत संपवलेले लोक आहेत, तेव्हा पेडल नाही बदललं म्हणून तुमचं २०० अडणार नाहीये. आवडलं तर घ्या, लाजेने घेऊ नका.

आता गुडघा. हे जरा सावकाश वाचा, कारण इथे चुकलं की पेडल नाही, डॉक्टर बदलायला लागतो.

फ्लॅट पेडलवर पाय आपला आपण जागा शोधतो, दुखलं की नकळत सरकतो. क्लीटने तो एका कोनात बांधला जातो, आणि तासाला पाच हजारांच्या वर फेऱ्या तुम्ही त्याच कोनात मारता. कोन थोडा चुकीचा असला तरी पन्नास किलोमीटरपर्यंत काही कळत नाही, सत्तरला गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला बारीक कळ यायला लागते. म्हणून फ्लोट लागतो, म्हणजे पाय अडकलेला असतानाही टाच थोडी डावी-उजवी हलायची मोकळीक. एसपीडीच्या साध्या क्लीटला साधारण ४ अंश असतो. एसपीडी-एसएलमध्ये रंगावर आहे, पिवळी ६ अंश, निळी २, लाल शून्य. आणि लूक कीओमध्ये काळी शून्य, राखाडी साडेचार, लाल ९. बघितलंत का गंमत? शिमानोची लाल म्हणजे पाय ठोकून बसवलेला आणि लूकची लाल म्हणजे सगळ्यात मोकळा. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, दोन्ही गुडघे धरून, तुमच्याच वयाचे. फिटिंग करून झालं, सीट बघितली, सगळं ठीक. शेवटी बूट उलटा केला तर शिमानोची लाल क्लीट. कुठल्याशा दुकानात त्यांना सांगितलं होतं की लाल म्हणजे जास्त फ्लोट, नवीन माणसाला बरी. सांगणाऱ्याने लूकचं ज्ञान शिमानोला लावलं होतं, बाकी काही नाही. पिवळ्या लावल्या, तीन आठवड्यांनी पेढे घेऊन आले.

कोन कसा काढायचा, तर उंच टेबलावर बसा, पाय लोंबकळत सोडा, गुडघा ९० अंशात, आणि खाली बघा. पावलं सरळ पुढे बघतायत की बोटं बाहेर गेलीयेत. बहुतेकांची थोडी बाहेर जातात आणि दोन्ही पायांची सारखी जात नाहीत. जो कोन दिसतो तोच क्लीटला द्या, सरळ रेषेत दिसलं पाहिजे म्हणून जबरदस्ती करू नका. पुढे-मागे करायचं तर बूट घालून बाहेरून चाचपा, अंगठ्याच्या मुळाशी जे हाड लागतं तिथे मार्करने खूण करा, करंगळीच्या मुळाशी दुसरी. पेडलची दांडी या दोन खुणांच्या मधे कुठेतरी यायला हवी. लांबच्या राइडला मी स्वतः क्लीट अजून दोन-तीन मिलिमीटर मागे, टाचेकडे घेते, पोटरीवरचा ताण कमी होतो आणि बोटं बधिर होत नाहीत. एका वेळी एकच बदल करा आणि बदलायच्या आधी क्लीटभोवती मार्करने रेघ मारून ठेवा, नाहीतर काल कुठे होती ते सापडत नाही. नवीन बुटाचा सोल जाड-पातळ असला की सीटची उंची पण दोन-चार मिलिमीटर हलते, ती परत मोजा. उजवा गुडघा आधीच कुरकुरतोय म्हणालात, तर तो नेमका कुठे दुखतो ते पेडल लावायच्या आधी बघून घ्या, पुढून वाटीत दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते आणि पेडलचा त्यात काही संबंध नसतो.

बुटाचं एक राहिलं. संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. आपले चवडे रुंद असतात, युरोपच्या मापात लांबी बसते आणि करंगळी चेपते, शिमानोचे वाइड मापाचे येतात ते मागून बघा. बायकांनी तर ३७-३८ नंबर मिळेपर्यंत धीर धरावा, मी पहिली चार वर्षं एक नंबर मोठा बूट दोन मोज्यांवर घातलाय आणि नखं काळी करून घेतलीयेत.

आता पडण्याबद्दल. पडणार तुम्ही. एकदा तरी. आणि ते ३० च्या स्पीडला नाही, शून्याच्या स्पीडला, सिग्नलला, चार रिक्षावाल्यांसमोर. माझं कॉलेज रोडला झालं, सायकल थांबली, पाय सवयीप्रमाणे वर उचलला, तो उचलला जाईना, आणि मग तो एक सेकंद येतो जेव्हा सगळं कळत असतं पण करता काही येत नाही, आणि झाड पडतं तसं आडवं. शेजारच्या आजोबांनी उचललं आणि विचारलं, "चक्कर आली का बाळ?" हो म्हटलं.

कारण साधं आहे. फ्लॅटवर पाय वर किंवा बाजूला उचलून सुटतो आणि शरीराला तेच पाठ आहे. इथे टाच बाहेर फिरवायची असते. तेव्हा पेडल लावल्या दिवशी रस्त्यावर जाऊ नका. दाराच्या चौकटीला धरून सायकलवर बसा आणि एकेका पायाने पन्नास वेळा लावा-काढा, टीव्ही बघत करा. पेडलमागच्या छोट्या स्क्रूने टेन्शन, म्हणजे खटक्याची पकड, एकदम सैल करा, दोन्ही बाजूंना सारखं, एसपीडीला तर दोन पेडलचे मिळून चार स्क्रू होतात, एखादा राहून गेला की नेमकी तीच बाजू सिग्नलला वर येते. मग शाळेचं मैदान, गवत असेल तर उत्तम. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावाच पाय काढायचा हे पक्कं ठरवून टाका, रस्त्याचा उतार त्या बाजूला असतो, फुटपाथ त्या बाजूला असतो आणि उजव्या पोटरीला चेनचं काळं लागत नाही. थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधीच काढा, पाय खाली असताना. डावा काढून उजवीकडे कलंडणारे पण बघितलेत मी, त्यावर उपाय म्हणजे अगदी हळू झाल्यावर हँडल किंचित उजवीकडे वळवायचं, सायकल आपोआप डावीकडे कलते.

शिमानोची एसएच-५६ म्हणून एक क्लीट मिळते, ती बऱ्याच दिशांनी सुटते, जोरात वर ओढलं तरी. भीती फारच असेल तर पहिले दोन महिने ती लावा, पण मग उभं राहून चढ घेताना अचानक सुटू शकते हे लक्षात ठेवा. मी नेहमीची एसएच-५१ सैल टेन्शनवर सांगते. एका बाजूला एसपीडी आणि एका बाजूला फ्लॅट असं ईएच-५०० नावाचं पेडल पण आहे, ऑफिसला चपलेवर जायचं असेल तर झकास, नाहीतर प्रत्येक सिग्नलनंतर खाली बघून बाजू शोधायची, आणि खाली बघताना पुढे पीएमटीची बस असते.

लावताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. माहीत असतं सगळ्यांना, तरी दर वर्षी एक तरी क्रँक (पेडल जिला लागतं ती दांडी) माझ्याकडे आटे खाऊन येते, कारण पेडल स्टीलचं आणि क्रँक ॲल्युमिनियमची, जोर लावला की क्रँकच हरते. लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडलं आवळली जातात, मागच्या चाकाकडे ढकलला की सुटतात. आधी हाताने तीन-चार फेरे फिरवा, सहज गेलं पाहिजे, आणि आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर एका पावसाळ्यानंतर ते निघत नाही.

ग्रीस क्लीटच्या बोल्टांना पण. हे बोल्ट ५ ते ६ न्यूटन मीटरला आवळायचे, टॉर्क रेंच नसेल तर छोट्या ॲलन कीने मनगटाचा पूर्ण जोर. पहिल्या दोन-तीन राइडनंतर परत आवळा, कारण क्लीट सोलात रुतून बसते आणि बोल्ट आपोआप ढिले होतात. मी एकदा कंटाळा केला. पहिनेच्या पुढे उतरायला टाच फिरवली तर बूट फिरला, क्लीट फिरेना. खाली बघितलं तर दोनातला एक बोल्ट गळून पडलेला आणि दुसऱ्याभोवती अख्खा बूट गोल गोल फिरतोय. पाय कितीही फिरवा, पेडलला काही कळतच नाही. शेवटी मैलाच्या दगडाला धरून उभी राहिले, बुटाचं बक्कल सोडलं, पाय बुटातून बाहेर काढला, आणि एका पायात मोजा, पेडलला लटकणारा बूट, अशी सायकल ढकलत वस्तीपर्यंत गेले. तेव्हापासून बाटलीच्या पिंजऱ्याला चिकटवलेला एक जादा क्लीट बोल्ट माझ्याकडे कायम असतो.